ताट, वाटी, लाटणं

ती आमच्या शाळेत आली तेव्हा आधी मला आनंदच झाला होता. सांगानेरच्या त्या शाळेत मी एकटीच मराठी. नवऱ्याची भुसावळहून जयपूरला बदली झाली, त्याच्यामागे मी आले, आणि तेव्हापासून खातीपुऱ्यातल्या घरून बस बदलत जाऊन तिथे इंग्रजी शिकवते. नव्या मॅडमचं आडनाव ऐकून मी धावतच स्टाफरूममध्ये गेले.

"कुठल्या तुम्ही?"

ती जरा अडखळली. "मतलब, सासर साताऱ्याचं. पण मी तिकडे कधी राहिलीच नाही. पप्पा पण फौजेत, नवरा पण फौजेत."

तिचं मराठी असं लंगडत चालायचं. इंग्रजी मात्र नळाची तोटी सोडावी तसं. माझा आनंद आठवडाभर टिकला असेल.

मी इंग्रजी शिकले ती व्याकरण पाठ करून. बोलण्याआधी वाक्य मनात जुळवून घ्यायची सवय अजून गेलेली नाही. ती मात्र प्रिन्सिपलसरांशी हसत, खिडकीबाहेर बघत बोलायची. वर्गात जाताना हातात पुस्तकही नसायचं. तिच्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत तिला गराडा घालायची आणि मोडकंतोडकं का होईना, इंग्रजीत भांडायची. माझ्या वर्गाला धडेच्या धडे पाठ, पण कुणी साधं "आज काय खाल्लंस?" असं इंग्रजीत विचारलं, की सगळी माझ्या तोंडाकडे बघत. दोन वर्गांच्या मध्ये एकच भिंत. पलीकडून हसण्याचा आवाज आला, की माझा खडू मोडायचा.

एक जागा मात्र माझी होती. महिन्यातून एका शनिवारी राजा पार्कमधल्या एका शाळेत इंग्रजी शिक्षकांचं प्रशिक्षण असतं. बाकीचे सुट्टी बुडाली म्हणून कुरकुरत येतात. मी इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसते. प्रश्न विचारला, की प्रशिक्षण घेणाऱ्या बाई आधी माझ्याकडे बघायच्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना शिकवायला आमच्यातल्या कुणाला तरी निवडणार होते, आणि ती निवड माझीच, असं मी घरी बोलूनही ठेवलं होतं.

तिला तिथे पाठवलं गेलं आणि बाईंची नजर माझ्या डोक्यावरून मागे जायला लागली.

त्या शनिवारी बाई म्हणाल्या, "मुलांना इंग्रजीच्या तासाला काय वाटतं, ते आज तुम्ही अनुभवा. कुणीतरी इथे बाकीच्यांना न येणारी भाषा शिकवा. मराठी चालेल."

मी उठायच्या बेतात होते. पदरही सावरला. बाईंनी तिला बोलावलं.

माझ्या अंगाची आग झाली. इंग्रजी घे बाई, सर घे, पोरं घे. पण मराठी? ती तरी माझी ना!

ती कॅन्टीनमध्ये जाऊन एक ताट, एक वाटी आणि लाटणं घेऊन आली. ताट उचललं. "ताट." थांबली. सगळ्यांनी म्हटलं, "ताट." मग वाटी, मग लाटणं. लाटणं पाठीमागे लपवून तिने विचारलं, "लाटणं कुठे आहे?" कुणीतरी ओरडलं, "मागे!" हिंदीत "पीछे" म्हणायचं ते पोराच्या उत्साहात "मागे" झालं होतं, कारण ती आधी दोनदा तसं म्हणाली होती. पांढऱ्या केसांचे एक सरदारजी सर तर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

तेवढ्यात ती म्हणाली, "हा ताट माझा आहे."

"हे ताट! माझं!" मी बसल्या जागेवरून म्हणाले. जरा जोरातच.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ती मात्र हसली. "बघा ना, माझं नेहमी चुकतं. ताई, तुम्ही या ना, तुम्ही सांगा."

मी पुढे गेले. नपुंसकलिंग म्हणजे काय, हिंदीत ते कसं नाही, ताट आणि लाटणं त्यात का येतात आणि वाटी का नाही, हे मी माझ्या शुद्ध, धावत्या मराठीत समजावलं. एकही चूक केली नाही. बोलता बोलता समोर पाहिलं. सगळे अगदी सभ्यपणे माझ्या तोंडाकडे बघत होते. सरदारजी सर हळूच खाली बसले.

"मॅडमजी," ते म्हणाले, "बोली बड़ी मीठी है आपकी. पर पल्ले कुछ नहीं पड़ा."

ती नजर माझ्या ओळखीची होती. रोज सकाळी वर्गात बघते तीच.

निवड तिचीच झाली. मी अभिनंदन केलं, मिठाई खाल्ली, आणि घरी नवऱ्याला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. सोमवारी मात्र वर्गात पुस्तक उघडलं नाही. एका मुलीचा डबा मागून घेतला आणि त्याच्यावर बोलायला लागले. थोडे शब्द, मग थांबायचं. थांबणं फार जड गेलं. आठवडाभर कुणी तोंड उघडलं नाही. मग एक मुलगी चुकीच्या इंग्रजीत म्हणाली, की बाई, तुम्ही माझं लोणचं सांडलं. मी चूक दुरुस्त केली नाही. ओठ चावून लोणचं पुसलं.

दिवाळीआधी ती माझ्याकडे आली. "ताई, मला मराठी शिकवाल? फोनवर सासूबाई हसतात मला. तुम्ही आईशी फोनवर बोलता ना, तेव्हा मी मुद्दाम दाराशी थांबते. खरं सांगू, खूप हेवा वाटतो तुमचा."

हे ती अगदी सहज बोलली, चहात साखर किती विचारावी तसं. इतके महिने जे मी घशाखाली दाबून बसले होते, ते तिने उभ्या उभ्या सांगून टाकलं. मला पुन्हा तिचा हेवा वाटला.

"गुरुवारी ये," मी म्हणाले. पहिल्यांदाच एकेरीत.

आता ती दर गुरुवारी येते. शिकते भराभर. तेही मला फारसं आवडत नाही.