जोडखांब

आधी लाकूड कातायची लेथ आली आणि मग तिच्या मापाने शेड उभी राहिली. एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला लाकडाचं तोंड दाबून धरणारा लोखंडी सुळका आणि मध्ये आडवा गरगरणारा, माणसाहून लांब खांब. कातारी पटाशी घेऊन त्याच्या एका अंगाला उभा राही. दुसऱ्या अंगाला, बुटक्या स्टुलावर, त्याची बायको.

तिचं काम बेचक्याचं. लांब खांब फिरायला लागला की त्याचं पोट थरथरतं आणि पटाशी उड्या मारू लागते. म्हणून खांबाच्या मध्यावर खालून एक लाकडी बेचकं लावून धरायचं, आतून तेल पाजलेलं चामडं ठोकलेलं. इतर ठिकाणी या जागी लोखंडी टेकू असतो. पण तिच्या सासऱ्यांचं म्हणणं होतं, लोखंड खांबाला धरतं, खांबात काय चाललंय ते सांगत नाही. त्यांनीच सुनेला बेचकं धरायला शिकवलं. आत गाठ असली, चीर असली, तर ती चामड्यातून तिच्या तळहाताला आधी कळायची. मग ती म्हणायची, "थांबा." कातारी मान वर न करता पटाशी मागे घ्यायचा. ज्यावरून कधी वाद झाला नाही असा हा त्यांच्या संसारातला एकच शब्द.

थंडी पडायला लागली तेव्हापासून तिच्या तळहातांना काही कळेनासं झालं होतं.

आधी बोटांची टोकं गेली. मग एकदा पातेल्याची कड हातात तशीच राहिली आणि करपल्याचा वास आला तेव्हा तिने हात काढला. मलम लावताना कातारीने विचारलं, तर म्हणाली, "तेल उडालं." खरं सांगितलं असतं तर लांब खांब त्याच दिवशी बंद झाले असते. आणि ते बंद झाले की या माणसाचं काय होतं, ते तिने एकदा पाहिलं होतं. मोटर जळाली होती तेव्हा तो दिवसभर खिडकीत बसून समोरच्या घराच्या कठड्यातल्या चुका काढायचा. जेवायचासुद्धा पाहुण्यासारखा.

म्हणून ती कानांनी काम करू लागली. आवाज जाड झाला की थांबा. त्याचा खांदा ताठला की थांबा. नुसता संशय आला तरी थांबा. संध्याकाळी अंगावरचा भुसा झटकताना तिला वाटायचं, हे ऐकून ऐकूनच आपण दमलोय.

सुताराने नव्या घराच्या व्हरांड्यासाठी खांब सांगितले होते. शेवटचा एक राहिला होता. त्या सकाळी कातारी वैतागला.

"काय गं, कंडक्टर झालीस का? दर गल्लीला थांबा!"

"बरं. नाही म्हणत."

"तसं नाही गं. पण सुतार दुपारी डोक्यावर येऊन बसेल."

तिने बेचकं पुन्हा खांबाला लावलं. थोड्या वेळाने आवाज जाड झाल्यासारखा वाटला. तिने त्याच्या खांद्याकडे पाहिलं, तो सैल होता. तिने शब्द गिळला.

खांब मध्यावर फाटला. एक लांब ढलपी सुटून कातारीच्या कानाजवळून गेली आणि मागच्या पत्र्यावर आदळली. त्याने बटण दाबलं. मोटर गुरगुरत थांबली. फाटलेल्या जागी अंगठ्याएवढी काळी गाठ उघडी पडली होती.

"एवढी मोठी गाठ," तो म्हणाला, "आणि तुला कळली नाही?"

ती चामड्यावरचा भुसा पुसत राहिली. तो वळसा घालून तिच्या बाजूला आला, उकिडवा बसला आणि तिचा हात हातात घेतला.

"तिकडे बघ. दाबलं की सांग."

ती भिंतीकडे पाहू लागली. "लागतंय. लागतंय हो, सोडा."

"अजून दाबलंच नाही मी."

तिने हात ओढून घेतला नाही. त्याने विचारलं, "कधीपासून?"

"थंडीपासून."

"आणि मी तुला कंडक्टर म्हणत होतो."

"सांगितलं असतं तर दिवसभर घरात माझ्या पायात पायात आला असतात," ती म्हणाली. हसायला गेली, पण नीट जमलं नाही.

दुपारी सुतार आला, फाटका खांब बघून त्याने कपाळाला हात लावला. तिच्या हातांचं कळल्यावर म्हणाला, "दादा, अहो लोखंडी टेकू बसवा आता. वहिनींना मोकळं करा."

"लोखंडाच्या भरवशावर लांब खांब मी नाही फिरवणार. आतली गाठ कळली नाही की काय होतं, ते आज पाहिलंय," कातारी म्हणाला. "तुला जोडखांब देतो. दोन तुकडे, मधल्या नक्षीच्या कड्याखाली जोड लपवतो. आखूड तुकड्याला बेचकं लागत नाही. चालत असेल तर सांग."

सुतार बघतच राहिला. "जोडखांब म्हणजे खोटे दात, असं कोण म्हणायचं हो?"

"मीच म्हणायचो. खोट्या दातांनी जेवण जातं की नाही?"

"जातं."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. खांबाची ती थरथर हाताला पुन्हा लागू देऊ नका, म्हणजे आहे तेवढं तरी राहील, असं डॉक्टर म्हणाले. परत आल्यावर कातारीने बेचकं पुसून खुंटीला अडकवलं आणि आखूड तुकडा लेथला चढवला.

तिला म्हणाला, "आत जाऊन पड जरा." ती स्टुलावरच बसली. रिकामे हात मांडीवर ठेवले. तुकडा आखूड असल्याने निमूट फिरत होता. कातारीच्या पटाशीला वाव नव्हता, ऐटही नव्हती. तो पाय ओढत चालल्यासारखा काम करत होता. त्याचे खांदे कधी एवढे उतरले, ते तिला आजवर दिसलं नव्हतं. त्या खांद्यांकडे ती पाहायची तेसुद्धा खांबासाठीच.

"थांबा," ती म्हणाली.

त्याने पटाशी मागे घेतली, बटण दाबलं, मग लाकडाकडे वाकून पाहिलं. "काय झालं? हे तर साफ आहे."

"लाकडाचं नाही म्हणत मी. बसा जरा."

तो उभाच राहिला. मग पटाशी टेकवून ठेवली आणि तिच्या शेजारी, ढलप्यांच्या ढिगावरच बसला.