अर्थशास्त्री आणि तीन विजयी

आमच्या लाँड्रीत मी डाग काढते. शाई, रक्त, गंज, लिपस्टिक, सगळ्यांशी माझी जुनी ओळख आहे. पुढच्या काउंटरवर बसलेल्या डागावर मात्र अजून औषध सापडलेलं नाही. तो मालकीणबाईंचा धाकटा भाऊ, त्यामुळे तो निघण्यातला नाही. आम्ही त्याला अर्थशास्त्री म्हणतो. हिशेबाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो लोकांच्या नावांचे अर्थ सांगतो.

कुणी दारात आलं रे आलं की याची बोटं फोनवर. "तुमचं नाव मूळचं कुठून आलंय, माहितेय का?" समोरच्या बाईला चादर संध्याकाळच्या आत हवी असते, आणि हा तिला कुठल्या तरी मेलेल्या भाषेतला धातू समजावत बसतो. मित्रांचं तर त्याने डोकं खाऊन टाकलंय. न्हाव्याच्या नावाचा अर्थ प्रकाश. औषधवाल्याच्या नावाचाही प्रकाश. समोरच्या शिंप्याला भर दिवसा सरळ शिलाई मारता येत नाही, त्याच्याही नावाचा अर्थ प्रकाशच. मुलांची नावं ठेवताना माणसं बहुतेक दोनच गोष्टी मागतात, उजेड नाहीतर जय, हे मला नुसतं ऐकून ऐकून कळलं. फोनात बघणाऱ्याला कळलं नाही.

माझ्या नावाचाही त्याने निकाल लावला. "सुगंधी!" म्हणाला. मी तेव्हा कोपरापर्यंत अमोनियात होते.

इथवर ठीक होतं. बडबड्या माणसाला आपण कान देत नाही, संपलं. पण लाँड्रीत प्रत्येक कपड्याला कापडाची एक पट्टी टाचतात आणि तिच्यावर धुऊन न जाणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाचं नाव घालतात. या शहाण्याने पट्टीवर आणि वहीतही नावाऐवजी अर्थ लिहायला सुरुवात केली. शर्टावर 'तेजस्वी', पडद्यांवर 'कमळासारखी'. गिऱ्हाइकं खूश, मालकीणबाई त्याहून खूश.

"अहो, निदान नंबर तरी घाला," मी म्हणाले.

"नंबर कैद्यांना असतात, ताई."

आमचा गाडीवाला, जो हॉटेलांमधून गाठोडी आणतो आणि पोचवतो, तो याचा शाळेपासूनचा मित्र. शाळा घरापासून लांब पडते म्हणून अर्थशास्त्री लहानपणी दोन वर्षं त्याच्याच घरी राहिला होता. गाडीवाल्याचे वडील फर्निचरला पॉलिश करायचे. आपल्या पोराच्या ताटात वाढायचे तेवढंच याच्याही ताटात वाढायचे. त्या माणसाने जन्मात एकच चांगला कोट शिवून घेतला, तपकिरी, आणि नातीच्या लग्नात घालीन म्हणून जपून ठेवला. लग्न ठरलं आणि म्हातारा गेला. मग गाडीवाल्याने ठरवलं, कोट लग्नात जाणारच, माझ्या अंगावर जाईल.

तो कोट घेऊन आधी माझ्याकडे आला. "ताई, सगळा कोट स्वच्छ करा. फक्त बाहीवर हा बाबांच्या हातच्या पॉलिशचा डाग आहे ना, तेवढा राहू द्या."

इतक्या वर्षांत डाग ठेवायला सांगणारा हा पहिलाच. मी त्या बाहीला प्लॅस्टिक बांधून बाकीचा कोट हाताने साफ केला आणि पुढे पाठवला. गाडीवाल्याच्या नावाचा अर्थ विजयी. पट्टीवर तेच आलं. त्या आठवड्यात दांडीवर तीन विजयी लटकत होते, आणि त्यातले दोन तपकिरी कोट.

लग्नाच्या आदल्या दुपारी गाडीवाला आला. अर्थशास्त्र्याने दिमाखात कोट काढून दिला. गाडीवाल्याने बाही उलटसुलट केली. डाग नव्हता.

"हा माझा नाही."

"विजयी! तूच ना?"

"बाबांचा कोट कुठे आहे?"

मग अर्थशास्त्र्याला आठवलं. सकाळी हॉटेलातला एक पाहुणा आला होता, घाईत होता, नाव सांगितलं, याने कोट दिला, पाहुणा घडी न उलगडताच स्टेशनवर गेला.

"नाव काय त्याचं?" गाडीवाला म्हणाला. "हॉटेलात विचारतो, पत्ता मिळेल."

अर्थशास्त्र्याने कपाळ चोळलं. "नाव नाही आठवत रे. अर्थ आठवतोय."

हॉटेलवाल्यांनी विचारलं, कुठला पाहुणा? सकाळपासून कितीतरी गेलेत. विजयी माणसाचा पत्ता द्या, असं कुणाला सांगणार? मी कपाळाला हात लावला. हा मात्र उरलेला कोट मित्रापुढे नाचवत होता. "हाच घाल ना! कापड कितीतरी भारी आहे." मला त्याची किळस आली. अजून येते.

लग्नाला मी गेले. गाडीवाला नुसत्या शर्टावर उभा होता, दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून, थंडी वाजत असल्यासारखा. अर्थशास्त्री नव्या सुटात आला, दोनदा जेवला आणि नवरदेवाला कोपऱ्यात गाठलं. "तुमच्या बायकोच्या नावाचा उगम माहितेय? मी सांगतो."

गाडीवाला मागेच उभा होता. त्याचा आवाज चढला नाही.

"ते नाव माझ्या बाबांनी ठेवलं. तू त्यांच्या हातचं दोन वर्षं जेवलास. उगम सांगायचाय ना, त्यांचं नाव सांग."

"काकांचं?" अर्थशास्त्री हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. काका, काका करण्यात सगळं आयुष्य गेलं होतं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. नवरीसुद्धा.

आणि या माणसाने खिशातून फोन काढला आणि शोधायला लागला.