बिनडोळ्याच्या फोडी

माझ्या नणंदेने उभं आयुष्य बटाट्याचं बेणं कापण्यात घालवलं. लावणीआधी गोदामात बायका ओळीने बसून बटाट्यांच्या फोडी करतात. प्रत्येक फोडीला निदान एक डोळा हवा, कोंब तिथूनच फुटतो. बिनडोळ्याची फोड मातीत नुसती कुजते. वन्सं गप्पा मारता मारता कापायच्या, खाली बघायच्याही नाहीत. मुकादम नव्या बायकांना म्हणायचा, "हिच्या शेजारी बसा. हिच्या अंगठ्यालाही डोळे आहेत."

यंदा माझ्या लेकीला शाळेने घरी बटाटा लावायला सांगितला. वन्संनी आपण कापलेल्या फोडी गोदामातून आणल्या, राखेत घोळवल्या आणि रंगाच्या जुन्या बादलीत पुरल्या. लेक रोज वाकून बघायची.

"आत्या, तुझे बटाटे झोपाळू आहेत!"

"तुझ्यावर गेलेत."

वर्गातल्या सगळ्यांचे कोंब वर आले, तेव्हा लेकीने माती उकरली. फोडी लिबलिबीत झाल्या होत्या. मी एकेक धुऊन पाहिली. एकीलाही डोळा नव्हता.

त्याच हाताने कापलेलं बेणं शेतातही गेलं होतं. ते उगवलं नाही की मुकादम विचारणारच.

"वन्सं, डोळे दाखवून येऊ या."

"आले दाखवून. साखरेने पडदा गेलाय. परत यायचा नाही म्हणे."

"मग कापत कशा होतात?"

"अंगठ्याने." त्या थांबल्या. "आता तोही बधिर झालाय. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस गं. घरी बसवेल मला."

मी सांगितलं नाही. त्याची गरजच पडली नाही. मुकादम स्वतःच दारात आला. त्याने आवाज चढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"ताई, सरीच्या सरी बोडक्या आहेत. उद्यापासून येऊ नका."

वन्संनी मान हलवली, पण भिंतीकडे बघून. तो दुसऱ्या बाजूला उभा होता.

हे दुखणं त्यांच्या घराण्यातच आहे. लेक पुस्तक जरा जास्तच जवळ धरते का, हे मी हल्ली सारखी बघत असते.

परवा तिने नवा बटाटा स्वतः कापला आणि एक फोड वन्संच्या हातात दिली. "आत्या, हिला डोळा आहे का?"

वन्सं ती कितीतरी वेळ बोटांत फिरवत राहिल्या. "आहे की! चांगला टपोरा आहे."

फोड गुळगुळीत होती. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि तीच फोड बादलीत पुरली.

वन्सं रोज सकाळी चाचपडत जाऊन तिला पाणी घालतात.