दुसरीची नवी तुकडी

शेवंती परब मालवणजवळच्या गावातून भांडुपला राहायला आली, तेव्हा तिची मुलगी प्रेमा दुसरीत होती. साल असेल छप्पन्न. नवरा दत्ताराम विक्रोळीच्या कारखान्यात लागला होता. चाळीतली खोली लावून होताच शेवंती प्रेमाला घेऊन जवळच्या शाळेत गेली.

मुख्याध्यापक प्रधान भले गृहस्थ होते. "बाई, दुसरीचा वर्ग भरलाय. पुढच्या वर्षी या."

"वर्ष फुकट घालवूचा? आणि ती मागची खोली कसली?"

"तिथे मोडके बाक आहेत. एका मुलीसाठी ती उघडून काय करू? वर्गभर मुलं असती, तर वेगळा शिक्षक मागता आला असता."

"मगे मुलां मी आणतंय," शेवंती म्हणाली.

प्रधान हसले. पण आसपासच्या चाळींत कारखान्यांसाठी आलेली बिऱ्हाडंच जास्त होती, आणि त्यांची पोरं हेच उत्तर ऐकून घरी बसली होती. शेवंती दारोदार फिरली. पुढच्या सोमवारी शाळेचं अंगण पोरांनी आणि आयांनी भरून गेलं. बायकांनी मोडके बाक बाहेर काढले, जमीन शेणाने सारवली.

प्रधानांनी शिक्षक मागवला आणि तो येईपर्यंत स्वतःच खडू हातात घेतला. प्रेमा पहिल्या रांगेत बसली.

त्यानंतर चाळीत नवं बिऱ्हाड आलं, की शेवंती चहा घेऊन जायची आणि आधी विचारायची, "पोरां कितवीत आसत?"