कॅलेंडरमागची ओल

आज रंगकामासाठी बेडरूममधलं जुनं कपाट पुढे ओढलं, तर मागची भिंत काळ्या बुरशीने भरलेली. तो कुबट वास नाकात शिरला आणि मी थेट कळव्याच्या आमच्या माहेरच्या खोलीत पोचले.

त्या दिवशी मला बघायला डोंबिवलीहून मंडळी आलेली. आमच्या भिंतीला ओल होती, म्हणून बाबांनी त्या डागावर मोठं कॅलेंडर टांगलं. वास जावा म्हणून पंखाही फुल सोडला, आणि तिथेच घोळ झाला. पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा हातात घेतल्या न घेतल्या, तोच कॅलेंडर फडफडत वर उडालं. बाबांनी झटकन उठून त्यावर तळहात दाबला आणि तसेच उभे राहिले.

"अहो, बसा ना," पाहुणे म्हणाले.

"नको नको, मला उभंच बरं वाटतं." एवढ्या वाऱ्यातही बाबांना घाम फुटलेला.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात मुलाची आई उठली आणि तिनेच पंखा कमी केला. "सोडा हो ते. आमच्याकडे तर ओल झाकायला अख्खं कपाट लावलंय भिंतीला."

बाबा एकदाचे खुर्चीत बसले.

लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सगळ्यात आधी मी त्या कपाटामागे डोकावले. भिंत खडखडीत कोरडी होती. सासूबाईंना मी कधीच काही विचारलं नाही.

आज त्या असत्या, तर हाताला धरून इथे आणलं असतं. म्हटलं असतं, "बघा आई, झालं एकदाचं तुमचं म्हणणं खरं."