बोटाला लागलं पाहिजे

चीनमधल्या डोंगग्वानच्या कारखान्यात वेनशिऊ दिवसभर कीबोर्डच्या बटणांखालचे खटके दाबून बघायची. आजकालच्या पोरांना म्हणे जुन्या कीबोर्डांसारखेच खटके हवे असतात. कोणाला कशाची हौस असेल, सांगता येत नाही. दाबताना मध्येच एक बारीकसा उंचवटा बोटाला लागला की खटका पास, नाही तर लाल ट्रेमध्ये. वर्षानुवर्षं हेच करून तिचं बोट इतकं हट्टी झालं होतं, की तसं काही लागल्याशिवाय दाबल्याचं त्याला पटायचंच नाही. वसतिगृहाच्या लिफ्टचं बटणही ती तीनतीनदा दाबायची.

"बाई, लिफ्टला तरी नापास करू नकोस," शेजारच्या खाटेवरची लान म्हणायची.

फोनच्या गुळगुळीत काचेवर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता. त्या संध्याकाळी, खांदे भरून आलेले असताना, भाताचा डबा मांडीवर ठेवून तिने दूर चांगशाला शिकणाऱ्या लेकाला संदेश पाठवला, "जेवलास का?" बोटाला काहीच लागलं नाही, म्हणून पुन्हा पाठवला. मग आणखी एकदा.

"पोरगं वैतागेल हं," लान म्हणाली.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. शब्द एकही नाही, नुसतं अंगठ्याचं चित्र.

"बघ, पोचलं की नाही?"

वेनशिऊने त्या अंगठ्यावर बोट टेकवलं, जरा दाबूनही पाहिलं.

"पोचलेलं दिसतंय गं," ती म्हणाली. "लागत काहीच नाही."