भाग्याचा ऑर्गन आणि माझं धुपाटणं

आमच्या घरी पाइप ऑर्गन नव्हता, एवढीच काय ती अडचण होती. बाकी आमच्या लेकीची, भाग्याची, ऑर्गन स्पर्धेची तयारी जोरात होती! स्पर्धा पुण्यातल्या एका चर्चमध्ये. पहिल्या दोघांना तिथं ऑर्गन शिकवणाऱ्या मोठ्या बाईंकडे फुकट शिकायला मिळणार होतं. पोरीनं त्यासाठी झोप सोडली होती. (माझी तिच्या कीबोर्डनं घालवली होती.)

"पप्पा, खऱ्या ऑर्गनला खाली पायानं वाजवायच्या पट्ट्या असतात. त्याची सवय कुटं करू?"

"पायानं? अगं, आपल्या खानदानानं पायावरच पोट भरलंय की!"

आम्ही चादरी विणणारे. भावकीतल्या बंद पडलेल्या हातमागांच्या झाडून साऱ्या पावड्या, म्हणजे पायानं दाबायच्या फळ्या, काढून आणल्या आणि कीबोर्डखाली ओळीनं बसवल्या. त्यांना आवाज नव्हता, म्हणून प्रत्येकीला दोरी बांधून वर स्वयंपाकघरातलं एकेक भांडं टांगलं. भाग्यानं पाय दाबला की परात गर्जायची, तांब्या किंचाळायचा!

"अहो, वरणाचं पातेलं कुठाय?" बायको ओरडली.

"ते आता खर्जात हाय!"

"मग रात्री खर्जच वाढते, भाताबरोबर!"

पुण्यातला ऑर्गन वरपर्यंत बघताना मात्र माझी टोपी मागं पडली. नळ्या अशा, की एकेकीत भाडेकरू ठेवावा! आता नव्या मागावर बसण्याआधी त्याला धूप दाखवायचा, हा आमचा रिवाज. नाहीतर धागा तुटतो. (दाखवला तरी तुटतो, पण मग आपला दोष राहत नाही.) ऑर्गनच्या मागं एक जाळी होती, आत काहीतरी घरघरत होतं. मी तिथं धुपाटणं ठेवलं, सढळ हातानं ऊद टाकला आणि हात जोडून पुढच्या बाकावर येऊन बसलो.

ऑर्गन त्या जाळीतूनच श्वास घेतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

भाग्यानं पहिला सूर लावला. एका नळीतून धुराचं नाजूक वेटोळं निघालं.

"काय ओ, धूर यायलाय की!" बायको कुजबुजली.

"गप. मोठ्या वाद्याचे सूर दिसतात."

तेवढ्यात भाग्यानं पावड्यांवर कमावलेला पाय खालच्या पट्टीवर हाणला. सगळ्यात जाड नळीनं असा ढग सोडला, की परीक्षक दिसेनासे झाले. (नंतर कळलं, ते पळाले होते.) "आग! आग!" सगळं चर्च अंगणात! आत ऑर्गन मात्र वाजतच होता. शेवटच्या सुरापर्यंत वाजवून पोरगी शिंकत बाहेर आली.

"तुला धूर दिसला नाही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दिसला की. पण घरी यापेक्षा लई गोंधळ असतो."

बाई पोट धरून हसल्या. परीक्षकांनी अंगणातूनच सगळं ऐकलं होतं. भाग्याला दुसरा नंबर! मी आनंदानं आत जाऊन धुपाटणं उचललं आणि ते उंच धरून नाचत बाईंपुढं आलो. बाईंचं हसू थांबलं.

"हे गृहस्थ तुमच्यातले?"

भाग्यानं माझ्याकडं पाहिलं, धुपाटण्याकडं पाहिलं आणि माझ्यावर गेलेलं नाक उडवत म्हणाली, "कोण की! आई, तू ओळखतीस?"

"न्हाय बाई," बायको पदर सावरत म्हणाली.

परतीच्या एसटीत मायलेकी पुढं बसल्या, मी मागच्या बाकावर. मांडीवर धुपाटणं, अजून कोमट. तेवढंच काय ते मला ओळखत होतं!